आत्याचं ‘तुमी’

इंग्रजांनी आपला ‘तू’ कसा टाकला ते मला आठवीत गेल्यावर कळलं. आमच्या घरानं आत्याचं ‘तुमी’ कसं टाकलं ते मात्र मी त्याच्या आधीच, चुलीपाशी बसून, उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. इंग्रजांना म्हणे त्या कामाला काही शतकं लागली. मोठी माणसं, सावकाश कामं. आम्ही चिखलीकरांनी दिवाळी ते शिमगा एवढ्यात उरकलं.

भागाआत्या माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, थोरली बहीण. ताथवड्याला दिलेली. दिवाळीला माहेरपणाला यायची तेव्हा तिचा थाट काय विचारता! ओसरीवर घोंगडी टाकलेली, त्यावर आत्या पाय पसरून बसलेली आणि आई पदर सावरत तिच्या मागं-पुढं. “वन्सं, तुमी बसा. वन्सं, तुमी हात नका लावू. वन्सं, तुमास्नी खरवस काढून ठिवलाय, आदी खावा.” नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला अहो-जाहो करायचं ही आमच्याकडची रीत, आणि आई रीतीला फार जपायची. मला तर लहानपणी वाटायचं की ‘वन्संतुमी’ हे आत्याचं एकच नाव आहे. विहिरीवर मोट हाकणारा आमचा गडी तुका, तोसुद्धा दुरून हात जोडून म्हणायचा, “आक्कासाब, बरं हाय न्हवं तुमचं?” आत्या मान हलवायची. तिचं बरं नव्हतं, पण माहेरपणाला आलेल्या बाईनं बरंच असायचं असतं.

मग एका दिवाळीला ती आली ती पत्र्याची ट्रंक घेऊन. भाऊबीज झाली, पाडव्याच्या करंज्या संपल्या, तरी ट्रंक हलेना. आत्याचा नवरा तो आमचा मामा. त्यानं दुसरी बायको आणली होती. आत्याला मूल नव्हतं, हे कारण. कारण इतकं सबळ की गावातल्या कुणाला दुसरं काही विचारायचं सुचलंच नाही. आबांनी ‘बघू, बोलू’ म्हटलं आणि पुढची कित्येक वर्षं ते बघत राहिले. इकडं घरात मात्र काम सुरू झालं. आधी काही दिवस ‘वन्सं, तुमी’ चाललं, पण खालच्या पट्टीत. मग वन्सं राहिलं आणि तुमी गेलं: “वन्सं, जरा पानी आन की.” मग वन्संही गेलं: “आगं, शेन काढलंस का?” आणि होळीची लाकडं गोळा व्हायला लागली तोवर, “ए भागे, कुटं उलथलीस?” कुणी ठरवलं नाही, पंच बसले नाहीत, कुणाचं भांडण झालं नाही. तुकानंही आक्कासाबची भागाक्का केली आणि विहिरीवरून सरळ ओरडायला लागला, “भागाक्का, तू म्होरं हो, बैल बुजत्यात.” आत्या म्होरं व्हायची.

माझी आई दुष्ट होती असं कुणी समजू नका. पहाटे जात्याची घरघर सुरू व्हायची ती तिच्याच हातानं, आणि रात्री माडग्याचं भांडं खरवडून खाणारीही तीच. आबा तिला दिवसभर ‘ए’ म्हणायचे, सासू होती तोवर सासू ‘ए’ म्हणायची. तिनं ‘तू’ म्हणावं असं त्या अख्ख्या घरात मी आणि बैल सोडून कुणी नव्हतं. आयती एक बाई मिळाली. आणि आबांनाही बहिणीला काम सांगताना ‘ताई’ म्हणायचं विसरायला फार दिवस लागले नाहीत. सोय असली की विसर लवकर पडतो, हे मी माझ्या चुलतसासऱ्यांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांत पाहिलेलं आहे.

त्याच सुमाराला पिंपरीच्या माळावर कारखाने उगवायला लागले. जिथं आमची गुरं चरायची तिथं भिंती आल्या, फाटक आलं, भोंगा आला. वारा इकडचा असला की तो भोंगा चिखलीपर्यंत ऐकू यायचा, आणि गावातले म्हातारे त्याला शिव्या द्यायचे आणि त्याच्यावरच भाकरीची वेळ लावायचे. त्यातल्या एका कारखान्यात औषधाच्या बाटल्या धुऊन भरायला बाया घेतात, अशी कुणकुण आली. आत्या एके दिवशी वांग्यांची पाटी घेऊन पिंपरीला गेली आणि पाटी विकून, नोकरी लावून परत आली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. आबा कडाडले, “आमच्या घरची बाई कंपनीत? लोक तोंडात श्यान घालतील!” आत्या म्हणाली, “आता काय घालत्यात?” आबांनी जेवण सोडलं. मग भूक लागली तेव्हा जेवले.

पहिला पगार झाला त्या संध्याकाळी आत्यानं तो देवळीतल्या देवापुढं ठेवला, कुंकू वाहिलं आणि आबांच्या हातात दिला. आबांनी तो न मोजता बंडीच्या खिशात घातला, कारण मोजणं त्यांच्या अब्रूला शोभलं नसतं. मागच्या दारी जाऊन मोजला असेल, मी काही बघायला गेले नाही. पण जेवायला बसलो तेव्हा तव्यावरची पहिली, फुगलेली, गरम भाकरी आईनं आत्याच्या ताटात टाकली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि म्हणाली, “वन्सं, तुमी दमला असाल.” मला पिठल्याचा ठसका लागला. आत्यानं वर बघितलं नाही. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, लोणी लावलं आणि निम्मी भाकरी माझ्या ताटात टाकली.

या सगळ्यात माझं नशीब कसं उघडलं ते सांगते. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढची चिंचवडला. मुलीनं एकटीनं माळ तुडवत चिंचवडला जायचं, हे चिखलीत कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण आत्या पिंपरीला जायची ती चिंचवडवरून. आईनं एकदा हळूच विषय काढला आणि आबा, नव्या पगाराच्या गुणानं, ‘बघू’ न म्हणता ‘जाऊ दे’ म्हणाले. तेव्हापासून आत्या आणि मी पहाटे भाकरी बांधून निघायचो. ओढा, करंजाची झाडं, रेल्वेचे रूळ. मला शाळेच्या पायरीवर सोडून ती पुढं जायची. शाळा उघडायच्या आधी कितीतरी वेळ मी तिथं बसून असायची, आणि शाळा सुटल्यावर पुन्हा तिची वाट बघत. एका जुवाला दोन बैल असतात तशी तिची नोकरी आणि माझी शाळा होती. ती थांबली की मी थांबणार, हे मला पहिल्या दिवसापासून स्वच्छ ठाऊक होतं आणि मी तिच्या तब्येतीला फार जपायची.

आठवीत इंग्रजी सुरू झालं. शिकवायला लिमये मास्तर. धोतर, काळी टोपी, लांब कोट, आणि इंग्रज गेल्याचं दुःख खुद्द इंग्रजांच्या घरच्यांपेक्षा जास्त. त्यांच्याकडं एक जुनं, मागची पानं गळालेलं पुस्तक होतं. त्यातली एक प्रार्थना वाचताना ‘दाऊ’ असा शब्द आला. मास्तरांनी चष्मा काढला. म्हणाले, “मुलांनो, हा मेलेला शब्द आहे. याचा अर्थ तू.” मग त्यांनी सांगितलं की आपल्यासारखंच इंग्रजांकडंही पूर्वी दोन होतं. एकट्या साध्या माणसाला दाऊ, आणि राजाला, सरदाराला यू. मग सरदारांनी एकमेकांना यू म्हणायला सुरुवात केली. ते बघून व्यापाऱ्यांना वाटलं, आम्ही काय कमी आहोत? मग शहरं वाढली, रस्त्यात भेटलेला माणूस कोण, किती मोठा, काही कळेना. दाऊ म्हणावं आणि तो भडकावा, त्यापेक्षा सगळ्यांनाच यू म्हटलेलं बरं. शेवटी नोकराला यू, बायकोला यू, कुत्र्याला यू. दाऊ उरला तो देवापुरता आणि कवितेपुरता. कुठल्या तरी खेड्यात म्हातारे अजून म्हणतात म्हणे, पण खेड्यातल्यांना कोण विचारतो? “याला म्हणतात सुधारणा!” मास्तर चष्मा पुसत म्हणाले. “ज्या समाजात कुणाला तू म्हणत नाहीत तो समाज सुधारलेला!”

आणि त्यांनी फर्मान काढलं की आजपासून वर्गात कुणी कुणाला तू म्हणायचं नाही. पुढचे काही दिवस आमचा वर्ग इतका सुधारला की विचारू नका. “अहो, तुम्ही माझी पेन्सिल चोरलीत. परत द्या, नाहीतर तुमचं थोबाड फोडीन.” “तुम्ही गाढव आहात.” “तुमचे वडील गाढव आहेत.” मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांना मातीत लोळवताना “उठा! उठा की, भेकड कुठले!” म्हणायची. मास्तर कौतुकानं बघायचे आणि ओरडायचे, “ए गणप्या, पाणी आण!” गणप्या म्हणजे शाळेचा शिपाई. मिशा पांढऱ्याफेक झालेल्या, मास्तरांच्या वडिलांच्या वयाचा माणूस. पण तो वर्गाच्या बाहेर उभा असायचा, आणि फर्मान वर्गापुरतं होतं.

मी आपली मूर्ख, ती सुधारणा दप्तरात घालून घरी आणली. संध्याकाळी ताटावर बसले आणि म्हटलं, “आई, तुम्ही मला भाकरी वाढा.” आईनं आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नाही म्हटल्यावर ती चुलीपुढं तशीच बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. “काय चुकलं गं माजं? आसं परक्यागत का बोलतीस?” मी सांगायला लागले की इंग्रज लोक आईलाही तुम्ही म्हणतात. आई म्हणाली, “मग त्यांच्या आया मेल्या आसतील.” आबा खो खो हसले. माझी सुधारणा तिथंच चुलीत गेली आणि मी म्हटलं, “वाढ की गं, भूक लागली.” आईनं डोळे पुसून दोन भाकऱ्या वाढल्या. आज माझी सून मला ‘तू’ म्हणते आणि बँकेचं मशीन मला ‘आपण’ म्हणतं. तळवड्याच्या आयटी पार्कात माझा नातू त्याच्या साहेबाला नुसत्या नावानं हाक मारतो, आणि त्याच साहेबानं परवा त्याला नुसत्या नावानंच घरी बसवलं. कुणाच्या तोंडात काय आहे यावरून त्याच्या पोटातलं ओळखायचं मी केव्हाच सोडून दिलंय.

आत्या मात्र त्या संध्याकाळी हसली नव्हती. दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडताना तिनं विचारलं, “शके, तो मास्तर म्हनला ते खरं? विंग्रजीत तू न्हाईच?” मी म्हटलं, “न्हाई. होता, टाकला.” ती थांबली. तिच्या कारखान्यात एक परदेशातून आलेला साहेब होता. त्याला मराठी येत नव्हतं, आणि त्याचं बोलणं मुकादम बायांना समजावून द्यायचा. आत्या म्हणाली, “आगं, साहेब समद्यास्नी यकच म्हनतो, यू. त्यो टाइपवाल्या बाबूला म्हनतो तवा मुकादम सांगतो, साहेब म्हनत्यात आपण बसा. आन आमास्नी म्हनतो तवा मुकादम सांगतो, ए, साहेब म्हनतोय तू हिकडं मर.” मी म्हटलं, “साहेब तुलाही तुम्हीच म्हणतो.” ती करंजाच्या झाडांपर्यंत भराभरा चालत गेली. मग एकाएकी पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

तिनं कारखान्यात जाऊन काय केलं ते तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मुकादमानं ‘ए’ म्हटल्यावर आत्या म्हणाली, “मुकादम, साहेबानं तुमी म्हनलंय. मदल्या मदी तुमी आमचं का कापताय?” बाकीच्या बाया बाटल्या धुता धुता माना वर करून बघायला लागल्या. मुकादम हुशार माणूस. तुमी म्हणवत नाही आणि तू पचत नाही, अशा वेळी आपला मराठी माणूस काय करतो ते त्यानं केलं. त्या दिवसापासून तो बायांशी बोलताना हवेत बघून बोलायला लागला: “बाटल्या धुवायच्या. हिकडं यायचं. बोलायचं न्हाई.” ना तू, ना तुमी. बायकांनी तेवढ्यावर समाधान मानलं. पुढं मी शिक्षिका झाले तेव्हा आमचे हेडमास्तर माझ्याशी निवृत्त होईपर्यंत असंच बोलत होते.

पगाराची बातमी ताथवड्याला पोचायला वेळ लागला नसावा. एका सुट्टीच्या दिवशी मामा बैलगाडी जुंपून आला. नवा फेटा, परीटघडीचं धोतर, बरोबर त्याचा चुलता. गावातली जाणती माणसं आपोआप गोळा झाली. शिऱ्याचा वास लागला की आमच्याकडची जाणती माणसं फार लवकर गोळा होतात. आईनं रवा भाजायला घेतला, गुळाचा चहा उकळत ठेवला. आबा ओसरीवर हात चोळत बसले. मी माजघराच्या दाराआड, आईच्या पदराला धरून. मामाला मी कितीतरी वर्षांनी बघत होते आणि हा माणूस कशाला आलाय ते कळायला आठवी शिकायची गरज नव्हती. आत्या ताथवड्याला गेली की तिथून पिंपरीला तिची वाट वेगळी. मग माझ्यासंगं चिंचवडला कोण येणार? तुका?

चहा झाला, शिरा झाला, आणि मामानं माजघराच्या दाराकडं बघून घसा खाकरला. “भागाबाई,” तो म्हणाला, “झालं गेलं गंगंला मिळालं. तुमी आता घरी चला. तुमचंच घर हाय.”

नवऱ्यानं बायकोला नावापुढं बाई लावून, चारचौघांत, तुमी म्हणणं! आमच्या पंचक्रोशीत असं कधी घडलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. “आरं, बायकूला तुमी म्हनतोय त्यो! ह्यापरीस मानसानं काय करायचं?” दुसरा म्हणाला, “बदलला गडी. पार बदलला.” दुसऱ्या बायकोचं काय, एवढी वर्षं कुठं होता, ट्रंक घेऊन आली तेव्हा कुणी हाकललं, यातलं कुणी काही विचारलं नाही. एका तुमीवर सगळी चौकशी संपली. मामाचा चुलता त्यातल्या त्यात व्यवहारी. तो म्हणाला, “आन कंपनी सोडाया नगं बरं का. ताथवड्यावरनं बी जाता यील. फकस्त पगार आपल्या घरात आला म्हंजी झालं.”

आबांचं तोंड मला दिसत होतं. तिथं अब्रू आणि पगार यांची कुस्ती लागली होती. बहीण नांदायला गेली की घराण्याचं नाक वर होणार. पण पहिल्या तारखेला बंडीचा खिसा रिकामा राहणार. एकटे असते तर पगार जिंकला असता असं माझं प्रामाणिक मत आहे. पण समोर चार माणसं बसलेली. आबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “भागे… ताई, ये गं भाईर. पाव्हनं मानानं न्यायला आल्यात.” मी आईचा पदर ओढून कुजबुजले, “आई, माझी शाळा?” आई म्हणाली, “गप.” पण पदर माझ्या मुठीतून सोडवून घेतला नाही.

आत्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. हात ओलेच होते, भांडी घासता घासता आलेली. ती म्हणाली, “धाकली कशी हाय?” मामा खूष झाला. “बाळंत झाली. पोरगा हाय. म्हनून तर… घरात जानतं बाईमानूस नगं का? तुमी वडीलधाऱ्या, तुमीच समदं बगायचं. बाळंतीन, पोर, गुरं. तुमच्याबिगर हाय कोन?” म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या. केवढा मान! बाळंतिणीची धुणी, गुरांचं शेण आणि पिंपरीचा पगार, तिन्ही एकाच तुमीत बांधून आणलेले.

आत्यानं ओले हात पदराला पुसले आणि ओसरीच्या मधोमध आली. जिनं उखाण्याखेरीज कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, जी त्याच्याविषयी बोलताना ‘त्येनी’ म्हणून मान खाली घालायची, ती त्याच्या तोंडाकडं सरळ बघत म्हणाली, “तू चा पिलास न्हवं? मग आता तू जा.”

मामाला ऐकू गेलं नाही असं वाटलं. “काय म्हनलीस?” तुमी लगेच पळालं होतं.

“तू म्हनले. तू मला तू म्हनत हुतास तवा मी तुजी गुरं राखली, तुज्या आईचं हागनं-मुतनं काढलं. तवा तू निदान खरं बोलायचास. मला म्हनलास, तू वांझ हायेस, तू नीघ. मी निगाले. आज तुमी म्हनतोस आन तोंडभर खोटं बोलतोस. माजं तुमी मी माज्या हातानं मिळीवलंय. तुजं मला नगं.” तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. दाराआड आईनं माझा खांदा इतका घट्ट धरला की मला तो सोडवून घ्यावा लागला.

आमच्यात नवरा-बायकोनं वेगळं व्हायचं तर पंचांपुढं काडी मोडायचा रिवाज होता. त्या दिवशी काडीसुद्धा लागली नाही. मामा उठला, चुलता उठला, फेटा दाराच्या चौकटीला लागून तिरका झाला. चुलता जाता जाता म्हणाला, “कंपनीनं बाईचं डोस्कं फिरीवलं.” म्हातारे बश्या तशाच टाकून निघाले, शिरा मात्र कुणाच्या बशीत उरला नव्हता. कितीतरी वर्षांनी, बी.ए.चा अभ्यास करताना, मी वाचलं की इंग्रजांत एक पंथ होता, जो देवापुढं सगळे सारखे म्हणून सगळ्यांना, अगदी न्यायाधीशालासुद्धा, तू म्हणायचा, आणि त्यापायी मार खायचा, तुरुंगात जायचा. लिमये मास्तरांनी आम्हाला हे सांगितलं नव्हतं. त्यांच्या पुस्तकाची मागची पानं गळालेली होती.

पाव्हणे गेल्यावर आबांना कंठ फुटला. “माज्या दारात! नवऱ्याला आरं-तुरं! चार मानसांत माजी मान खाली घातलीस! ह्या घरात आता तुला जागा न्हाई.” मला वाटलं आत्या पाया पडेल. आत्या म्हणाली, “न्हाई ऱ्हात.” तिच्या संगतीची एक बाई चिंचवडला रुळापलीकडं खोली घेऊन राहत होती, ती कधीची बोलवत होती म्हणे. आत्यानं ट्रंक बाहेर काढली. दोन लुगडी, कारखान्याची पांढरी टोपी, कुंकवाचा करंडा. कुंकवाचा करंडा तिनं क्षणभर हातात धरला आणि तोही आत टाकला. मी हुंदके देऊन रडत होते. आत्या चालली म्हणून, आणि उद्या पायरीवर बसायला मला कुणी नेणार नाही म्हणूनही; त्या वयात ही दोन रडणी कोण वेगळी करतं? आबा मला म्हणाले, “तुजी बी शाळा आता फुरं. लई झालं विंग्रजी.” त्यांना कुणावर तरी राग काढायचाच होता.

आत्यानं ट्रंक उचलली आणि ओसरीच्या पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात आई बाहेर आली. आबा ओसरीवर असताना आई कधी उंबऱ्याबाहेर यायची नाही. हातांना भाकरीचं पीठ, पदर खांद्यावरून घसरलेला. तिनं ट्रंकेची कडी धरली. आता ती काय म्हणणार, ‘वन्सं, तुमी जाऊ नगा’? तिच्या तोंडून फुटलं ते, “आगं भागे, तू चाललीस व्हय गं? मला टाकून? मी कुनाशी बोलू आता, आँ? तू सांग की, कुनाशी बोलू?”

नवऱ्यापुढं जिच्या पापणीला पाणी आलं नव्हतं ती आत्या ट्रंक सोडून मटकन पायरीवर बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. आई तिच्याशेजारी बसली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आत्याच्या पाठीवर आईच्या पिठाचे हात उमटत होते, आणि आबा इकडून तिकडं येरझाऱ्या घालत होते. बऱ्याच वेळानं आईनं नाक पुसलं आणि मला हाक मारली, “शके, दप्तर आन तुजं. आन परकर घे दोन.” मी हलेना. आई आत्याला म्हणाली, “हिला संगं ने. तुज्याजवळ ऱ्हाईल. तू शिकीव हिला. माज्यानं न्हाई व्हायचं, तू कर.”

आबा गर्रकन वळले. “आगं ए! कुनाला इचारून—”

आई पायरीवरून उठलीसुद्धा नाही. तिनं नुसती मान वळवली. जन्मभर पाळलेली रीत तिनं त्याही वेळी पाळली, अहो-जाहो सोडलं नाही.

“तुमी गप बसा,” ती म्हणाली.

आबा बसले.